नांदेड-लातुरातील वस्त्यांची सुधारणा : एक मागोवा

लातूरच्या गंजगोलाईची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. मध्यभागी देवीचे मंदिर आणि तेथून निघणारे 16 रस्ते, अशी ती आखीव पेठ. परंतु त्या पेठेत पोती वाहणारे हमाल रात्री कोठे निजत, याची नोंद आमच्या पाहण्यात नाही. नांदेडास उस्मानशाही गिरणीच्या भोंग्यावर जगणारी कुटुंबे होती. 1972 च्या दुष्काळाने त्यांत खेड्यापाड्यांतील माणसांची भर घातली. आपले कितीतरी ज्ञातिबांधव याच वाटेने शहरांत आले. आम्ही शिक्षक असता, पावसाळ्यात भिजलेल्या वह्या चुलीवर वाळवून आणणारी मुले वर्गात असत. त्या वह्यांस धुराचा वास येई.

वस्त्यांविषयी राज्याचा कायदा 1971 साली झाला. त्याच्या नावात 'सुधारणा' हा शब्द आधी आणि 'निर्मूलन' हा नंतर आहे. व्यवहारात हा क्रम नेहमीच पाळला गेला, असे म्हणवत नाही.

घर कोणी आणि कोठे बांधावे, याचा मोठा धडा मात्र लातूर जिल्ह्यास खेड्यांतच मिळाला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे 8,000 माणसे दगावली. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविली गेली. रस्ते सरळ व रुंद झाले, पण ओटा हरवला, शेजार पांगला. याउलट, कमी हानीच्या गावांत मालकाच्या हाती टप्प्याटप्प्याने पैसे देऊन जुन्याच जागी घर मजबूत करविण्यात आले. संवाद साधण्यासाठी गावातीलच स्त्रिया नेमल्या गेल्या. हा दुसरा मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

डिसेंबर 2005 मध्ये केंद्राने नेहरू नागरी पुनरुत्थान योजना आरंभिली व तीत नांदेडचा समावेश झाला. येथे अनेक वस्त्यांत आहे त्याच जागी पक्की घरे उभारण्याचे धोरण होते : किमान 25 चौरस मीटर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, शौचकूप. मागासवर्गीय कुटुंबाने खर्चाचा किमान दहावा हिस्सा द्यावयाचा होता. रोजंदारीवरच्या माणसास तोही जड गेला. जुने पत्रे उतरवून भाड्याच्या खोलीत गेलेल्या कुटुंबांचे हाल आम्ही पाहिले आहेत. 2012 ला संपावयाची मुदत पुढे वाढवावी लागली.

एका वस्तीत एक वृद्धा आखणी करणाऱ्या तरुणास म्हणाली, "दार गल्लीकडंच ठेव बाबा, शेजारीण दिसायला पाहिजे." त्याने नकाशा पुसून दार फिरविले!

आता कागदांविषयी. 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा असलेल्या झोपडीधारकास कायद्याचे संरक्षण आहे. गतवर्षी एका बांधवांनी पत्र्याच्या पेटीतून, लग्नपत्रिकेच्या घडीत जपलेली वडिलांच्या नावची जुनी करपावती काढून दाखविली. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. तारीख शाबूत होती.