पाले येथील लेख व पंचनमस्काराचा अर्थ

चिंचवड येथील जैन कुटुंबांत नित्य म्हटल्या जाणाऱ्या पंचनमस्काराचा, म्हणजेच णमोकार मंत्राचा, आरंभ अरिहंतांच्या वंदनाने होतो. ‘अरिहंत’ म्हणजे अरींचा, अर्थात कामक्रोधादी शत्रूंचा, नाश करणारा, असा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. तो मूळचा आहे काय, हे पाहण्यास उपयोगी असा एक लेख चिंचवडहून फार दूर नाही. लोहमार्गाने लोणावळ्याकडे जाताना कामशेत लागते. त्या परिसरात, मावळातील पाले गावानजीकच्या लेण्यात, तो ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. डेक्कन कॉलेजातील ह. धी. सांकळिया व शोभना गोखले यांनी 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो अभ्यासकांपुढे आणला. भदंत इंद्ररक्षिताने लेणे व पोढी (पाण्याचे टाके) करविल्याची त्यात नोंद असून आरंभी अरहंतांना नमन आहे.

येथील शब्द ‘अरहंत’ आहे, ‘अरिहंत’ नव्हे. दोन्ही रूपे संस्कृत ‘अर्हत्’, म्हणजे ‘योग्य, पूज्य’, यावरून आली. अरह, अरिह व अरुह ही तिन्ही प्राकृत रूपे हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदविली आहेत. तेव्हा ‘रि’मधील इकार उच्चारसौकर्यासाठी आलेला स्वर होय, शत्रुवाचक ‘अरि’शी त्याचा मूळ संबंध नाही. तथापि शत्रुनाशाचा अर्थ केवळ लौकिक समजूत म्हणून टाकून देता येत नाही. षट्खंडागमावरील वीरसेनकृत ‘धवला’ टीकेत दोन्ही व्युत्पत्ती दिलेल्या आहेत. (हीरालाल जैन यांनी संपादिलेला तिचा पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून निघाला.) एक अर्थ व्याकरणाने दिला, दुसरा साधनेने.

पाले येथील लेख जैनच आहे, याविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. ‘भदंत’ ही उपाधी बौद्धांतही रूढ होती व ‘अरहंत’ हा शब्दही त्यांना परका नव्हता. परंतु बौद्धांच्या प्रसिद्ध वंदनेत हा शब्द बुद्धासाठी एकवचनी येतो. पाले येथे तो अनेकवचनी आहे. मथुरेच्या जैन लेखांत व खारवेलाच्या हाथीगुंफा लेखातही असेच अनेकवचनी वंदन आढळते. त्यामुळे जैन परंपरेचा पक्ष अधिक बळकट ठरतो.

पाले येथे वंदन केवळ अरहंतांना आहे. हाथीगुंफेत त्यांच्या जोडीला सर्व सिद्ध येतात. पुढील परंपरेत आचार्य, उपाध्याय व सर्व साधू मिळून पाच पदे होतात. यावरून मंत्र क्रमाने वाढत गेला असावा असे अनुमान होते. मात्र लेखातील संक्षेप हा पूर्ण पाठाच्या अभावाचा निर्णायक पुरावा नव्हे.

अनेकवचन मात्र पाचही पदांत टिकले. महावीरांचे किंवा कोणत्याही तीर्थंकराचे नाव त्यांत नाही. काही मागणेही नाही. वंदन व्यक्तीला नसून तिने गाठलेल्या पदाला आहे, आणि ते पद साधकालाही गाठता येते. पंचनमस्काराचा हा गाभा पाले येथील त्या छोट्या नमनातही दिसतो.