नॉट फॉर बॉल : चोक, स्लग आणि हरणाची शिकार

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या मास्तराने बंदुकीवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आजचा प्रश्न मुळात कार्यकारणाचा आहे, म्हणून आम्ही तो घेतला. अमेरिकेतल्या आयोवा, इलिनॉय, ओहायो अशा राज्यांत हरणाची शिकार कायदेशीर आहे, आणि बंदुकीने करायची तर कित्येक वर्षं ती मुख्यतः शॉटगननेच करावी लागे. शॉटगन म्हणजे आपली बारा बोरची, छर्ऱ्यांची बंदूक. हरणासाठी मात्र तिच्यात छर्रे नाही, तर शिशाची एकच जाड गोळी घालायची. तिला स्लग म्हणतात. मग नळीच्या तोंडाशी चोक कोणता ठेवायचा? (आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकार बंदच आहे. तेव्हा इथे कुणी प्रयोगाला निघू नये.)

चोक म्हणजे काय, ते आधी पाहू. नळी तोंडाशी किंचित अरुंद केलेली असते. बारा बोरच्या नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. ‘फुल’ चोकमध्ये तो जवळपास १ मिलिमीटरने कमी होतो, ‘मॉडिफाइड’मध्ये अर्ध्या मिलिमीटरने, ‘इम्प्रूव्ह्ड सिलिंडर’मध्ये पाव मिलिमीटरने. ‘सिलिंडर’ म्हणजे चोकच नाही. एवढ्याशा फरकाने छर्रे कमी पसरतात आणि दूरवर दाट पडतात. ही कल्पना कुणाची, यावर वाद आहे. न्यूकॅसलच्या पेप यांचं पेटंट १८६६ चं. अमेरिकेत बदकांचे शिकारी फ्रेड किंबल यांचं नाव घेतात. ती लोकप्रिय केली मात्र बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी. १८७५ साली लंडनला ‘द फील्ड’ या नियतकालिकाने बंदुकांच्या जाहीर चाचण्या घेतल्या. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात किती छर्रे लागतात, ते मोजलं गेलं, आणि चोकच्या नळ्यांनी साध्या नळ्यांना मागे टाकलं.

आता गंमत पाहा. ज्या १८७५ साली चोकचा जयजयकार झाला, त्याच सालापासून इंग्लंडच्या परीक्षणगृहांत चोकच्या नळ्यांवर एक शिक्का उठू लागला : ‘नॉट फॉर बॉल’. या नळीतून गोळी मारू नका. नळीच्या मापाची भरीव गोळी अरुंद तोंडाशी आली की जाणार कुठे? एकतर तोंड फुगेल, नाहीतर फाटेल. छर्ऱ्यांचा गुण तो गोळीचा दोष, हे त्या तीन शब्दांत लिहिलेलं होतं. आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

उरलेलं निम्मं मिळायला पन्नासेक वर्षं लागली. पहिला तोडगा हिंदुस्थानातल्या लष्करी माणसाने काढला. कर्नल जॉर्ज फॉसबेरी, वायव्य सरहद्दीवरच्या १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. १८८५ मध्ये त्यांनी नळी गुळगुळीतच ठेवली आणि शेवटच्या काही सेंटीमीटरांत, म्हणजे चोकच्याच जागी, पेच कापले. छर्रे मारले तर शॉटगन, गोळी मारली तर तिला फिरकी. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ही बंदूक ‘पॅराडॉक्स’ नावाने विकली. (तर्कशास्त्राच्या माणसाला हे नाव आवडणारच!) हिंदुस्थानातल्या साहेबांत ती फार चालली. आज अमेरिकेत पेचदार चोक मिळतात, त्यांची आजी हीच.

दुसरा तोडगा गोळीच बदलण्याचा. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये भरीव स्लग केला आणि त्याच्या मागे हलकी डट्टी जोडून ठेवली. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये, मंदीच्या दिवसांत, मागून पोकळ असा मऊ शिशाचा स्लग बनवला. दोन्हींत वजन पुढे, शेपूट हलकं. बॅडमिंटनचं फूल जसं नेहमी बूड पुढे करून उडतं, तसा हा स्लग फिरकीवाचून सरळ जातो.

या स्लगच्या अंगावर तिरप्या कडा असतात. त्या पाहून लोक म्हणतात, ‘यांनीच तो फिरतो, म्हणून नेमका लागतो.’ दिसायला अगदी पटतं. पण त्यांनी मिळणारी फिरकी नगण्य असते. आपल्या नैयायिकांनी घटाची कारणं सांगताना कुंभार, दंड, चाक धरलं, आणि माती वाहून आणणाऱ्या गाढवाला अन्यथासिद्ध म्हणून बाजूला काढलं. नेमकेपणाच्या बाबतीत या कडा म्हणजे ते गाढव. निरुपयोगी मात्र नव्हेत! चोकमधून जाताना त्या दबतात, शिशाला सरकायला जागा मिळते, आणि भरीव गोळीने झाला असता तो अपघात टळतो.

म्हणजे स्लग चोकमधून जाऊ शकतो. म्हणून घट्ट चोक त्याला हिताचा, असं होत नाही. पुष्कळ शिकारी इथेच घसरतात. फुल चोकने छर्रे दाट पडतात, तेव्हा स्लगही नेमका लागेल, असं त्यांचं अनुमान. छर्ऱ्यांना एकत्र ठेवायचं असतं. स्लग एकटाच, त्याला कुणाबरोबर ठेवणार? घट्ट चोक त्याला फक्त चेपतो, आणि चेपलेली गोळी वाट सोडते. हरणाचं हृदय-फुप्फुस म्हणजे वीसेक सेंटीमीटरचं वर्तुळ. त्याच्या बाहेर लागलेलं जनावर पळून जातं आणि मक्याच्या शेतात कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. ते कुणाच्या हिशेबात येत नाही.

कायद्याचं अनुमानही तपासून घ्यावं असं आहे. सपाट मुलूख, दाट वस्ती, रायफलची गोळी लांब जाते, म्हणून शॉटगन सुरक्षित, असं धरलं गेलं. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात मात्र नळी आडवी धरून झाडल्यास स्लगचा धोका रायफलपेक्षा जास्त निघाला. कारण स्लग जमिनीवरून उसळी मारून पुढे जातो. अलीकडे यातल्या अनेक राज्यांनी काही ठरावीक रायफलींना परवानगी दिली आहे.

तर गुळगुळीत नळीत फॉस्टर किंवा ब्रेनेके जातीचा स्लग असेल, तर सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. मॉडिफाइड काही नळ्यांत चालतो. फुल, आणि टर्कीच्या शिकारीचे त्याहून घट्ट चोक, काढून ठेवावेत. प्लास्टिकच्या वेष्टणातले सॅबो स्लग फिरकीवर चालतात, त्यांना पेचदार नळी, निदान पेचदार चोक हवा. गुळगुळीत नळीत ते पैसे वाया. काडतुसाच्या खोक्यावरची सूचना आधी वाचायची. मग हंगामापूर्वी ५० यार्डांवर कागद लावून, बंदूक टेकवून, प्रत्येक चोकने तीन-तीन स्लग मारायचे आणि भोकांमधलं अंतर मोजायचं. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकाही वेगळं उत्तर देतात. आणि मधेच काडतुसाची कंपनी बदलली, तर कागद पुन्हा लावायचा.