पोटगीचा हक्क आणि संसाराचा काळ

ज्ञातीतील एखादा विवाह वर्ष-सहा महिन्यांतच मोडला की उभयपक्षांची वडीलधारी मंडळी समेटास बसतात. त्या बैठकीत एक वाक्य बहुधा ऐकावयास मिळते : "मुलगी नांदली ती चार महिने, तिला पोटगी कसली?" हे म्हणणे पुष्कळांस न्याय्य वाटते. परंतु पोटगीच्या हक्काचा इतिहास पाहिला असता त्यास आधार सापडत नाही, हे येथे थोडक्यात दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

आरंभ धर्मशास्त्रापासून करू. आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती व मधुरभाषिणी अशा पत्नीचा त्याग करणाऱ्या पतीकडून तिला त्याच्या धनाचा तृतीयांश देववावा, आणि तो निर्धन असल्यास निदान तिचे भरणपोषण करवावे, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. स्मृतिकाराने घातलेली गुणांची अट आज आपणांस जाचक वाटेल. पण संसाराची वर्षे त्यानेही मोजली नाहीत.

इंग्रजी अमदानीत १८९८ च्या फौजदारी व्यवहार संहितेच्या कलम ४८८ ने, ऐपत असून पती पोसत नसेल तर पत्नीस मॅजिस्ट्रेटकडे दाद मागण्याची सोय दिली. रकमेची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये होती. ती १९२३ मध्ये १०० व १९५५ मध्ये ५०० झाली. रकमेस मर्यादा होती, सहवासाच्या काळास नव्हती.

घटस्फोटाची गोष्ट निराळी. कित्येक ज्ञातींत काडीमोडीची रूढी पंचांसमक्ष चाले. इतरत्र टाकलेली स्त्री जन्मभर माहेरची आश्रित होऊन राही. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली व मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दावा चालू असतानाची पोटगी व कायम पोटगी अशा दोन्ही तरतुदी केल्या, आणि त्या पतीसही मागता येतात. याच कायद्यात, विवाहास तीन वर्षे होईपर्यंत सामान्यतः घटस्फोटाचा अर्ज करता येत नसे; १९७६ मध्ये ही मुदत एक वर्षावर आली. ही मुदत घटस्फोटाच्या अर्जाची आहे, पोटगीची नव्हे. लोकांच्या मनातील घोटाळ्याचे एक मूळ येथे असावे, असे आम्हांस वाटते.

१९७३ च्या संहितेच्या कलम १२५ ने, पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचाही 'पत्नी' या शब्दात समावेश केला. २००१ मध्ये ५०० रुपयांची मर्यादा गेली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. स्वतःचा चरितार्थ चालविण्यास स्त्री असमर्थ असावी ही तिची मुख्य अट. किती दिवस नांदली, हा प्रश्न त्यात नाही.

मग अल्पकाळाच्या संसारास काहीच महत्त्व नाही काय? आहे, पण ते हक्काच्या ठिकाणी नसून मापाच्या ठिकाणी आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरहून आलेल्या एका प्रकरणात पोटगीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विवाह अल्पकाळ टिकला असता आयुष्यभराचा भार दुसऱ्या पक्षावर टाकणे न्याय्य होणार नाही, म्हणून कायम पोटगी ठरविताना विवाहाचा काळही विचारात घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्यातच ठरले. म्हणजे तरुण पतीवरही अन्याय होऊ नये, याची काळजी न्यायालयाने घेतली आहे.

समेटास बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मुलीच्या हाती ठोक रक्कम ठेवून 'पुन्हा काही मागणार नाही' असे लिहून घेण्याची चाल आहे. परंतु कलम १२५ खालील प्रकरणात अशी तडजोड झाली असली, तरी १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली पत्नीस निर्वाह मागण्याचा मार्ग बंद होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आहे.

पंचांच्या शब्दास ज्ञातीत मान आहे, म्हणूनच तो तोलून उच्चारला पाहिजे. मोडलेला संसार जोडणे नेहमीच आपल्या हाती नसते. पण घरी परतलेल्या लेकीस तिचा हक्क खरा सांगणे आपल्या हाती आहे. महिने मोजून तो नाकारण्याचे पाप ज्ञातीच्या माथी येऊ नये, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे.