टूलपाथची यादी नव्हे, पोस्ट तपासा

पाच अक्षांचे मशीन घेतले की सोबत सर्वांत लांब टूलपाथ-यादीचे कॅम सॉफ्टवेअर घ्यावे, बाकी सारे आपोआप जमते, असा समज आपल्या कारखानदारीत रुजला आहे. तो तपासायला हवा.

आधी पूर्वपक्ष. इम्पेलरची पाती कापताना टूलचा कल सतत बदलावा लागतो. तिथे पाचही अक्ष एकाच वेळी फिरवणारे सॉफ्टवेअर अटळ आहे. बॅरल कटरचा फायदाही खरा. ५ मिमी त्रिज्येच्या बॉल कटरने ०.३ मिमी अंतरावर ओळी घेतल्या, तर मध्ये सुमारे २ मायक्रॉनची कड उरते. २५० मिमी त्रिज्येचा बॅरल कटर ओळींत २ मिमी अंतर ठेवूनही तेवढीच कड ठेवतो. इथवर पूर्वपक्ष मान्य.

पण हाउसिंग, ब्रॅकेट, मॅनिफोल्ड असल्या जॉबना हे लागत नाही. फिरते दोन अक्ष हव्या त्या कोनात लॉक करायचे आणि उरलेल्या तिघांनी कापायचे, म्हणजेच ‘थ्री प्लस टू’. एका सेटिंगमध्ये पाच बाजू होतात, टूल आखूड चालते, थरथर कमी होते. फॅनुकचा जी६८.२, सीमेन्सचे सायकल८०० आणि हायडेनहाइनचे प्लेन फंक्शन यासाठीच आहेत.

दुसरा आक्षेप मूलभूत आहे. मशीन टूलपाथ चालवत नाही. ते पोस्ट-प्रोसेसरने लिहिलेला प्रोग्राम चालवते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘एपीटी’ ही भाषा घडली, तेव्हापासून ही विभागणी आहे: आधी टूलची जागा व दिशा काढायची, मग ती विशिष्ट मशीनसाठी रूपांतरित करायची. एकच टूलपाथ फिरत्या टेबलावर आणि फिरत्या हेडवर वेगळ्या हालचाली मागतो. टेबल फिरणाऱ्या मशीनवर टीसीपी, म्हणजे जी४३.४ किंवा ट्राओरी, न वापरता काढलेला प्रोग्राम जॉब जरा सरकला तरी पुन्हा काढावा लागतो. टूल सी-अक्षाला जवळजवळ समांतर झाले, की कलातला बारीकसा बदलही टेबलाला अर्धा फेरा मारायला लावतो आणि पृष्ठभागावर डाग उमटतो. हे सावरणे पोस्टचे आणि प्रोग्रामरचे काम.

‘सिम्युलेशनमध्ये टक्कर दिसेलच’ हा युक्तिवादही अपुरा. सिम्युलेशन पोस्टच्या आधीच्या टूलपाथवर चालत असेल, तर पोस्टने घातलेली माघार त्यात दिसतच नाही. तपासायचा तो अंतिम जी-कोड, आणि तोही आपल्याच मशीनच्या, वाइसच्या, होल्डरच्या मॉडेलसह.

शिवाय फिरत्या अक्षात ०.०१ अंशाची चूक असेल, तर केंद्रापासून ३०० मिमीवर सुमारे ०.०५ मिमी फरक पडतो. ती प्रोब आणि मास्टर बॉलने मोजून मशीनवरच सुधारावी लागते; महागडा परवाना तिथे उपयोगी नाही.

म्हणून सिद्धान्त असा: विक्रेत्याच्या डेमोवर भुलू नका. स्वतःचा सर्वांत अवघड जॉब त्याला द्या, तुमच्याच कंट्रोलरसाठी कोड काढायला लावा आणि तो तुमच्या मशीनवर ॲल्युमिनियमात कापून पाहा. पोस्ट कोण दुरुस्त करणार आणि किती दिवसांत, हे खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या. जो विक्रेता हे लिहून द्यायला कचरतो, त्याचे सॉफ्टवेअर कितीही गाजलेले असो, घेऊ नका.