खिम्याचा गोळा आणि फ्रेंच रस्सा

आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. एक काका म्हणाले, "सर, बालाजीच्या गावात खिम्यावर व्याख्यान?" मी म्हणालो, काका, आश्विनातली यात्रा होऊन गेली, आणि मी इथं काही शिजवणार नाही, नुसता बोलणार आहे. (हशा)

विषय घरातूनच निघाला. माझी भाची सुट्टीला आली होती. तिनं फ्रेंच पद्धतीचे मीटबॉल करायचं ठरवलं. फ्रेंच लोक त्याला 'बुलेत' म्हणतात. बूल म्हणजे चेंडू, गोळा. बुलेत म्हणजे छोटा गोळा. खिम्याचे गोळे लोण्यात परतायचे आणि मग सॉसमध्ये मंद शिजवायचे, असा तो पदार्थ. ताटं वाढली. आमच्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, एक गोळा बोटानं फोडून बघितला आणि निकाल दिला, "हे तर आपले खिम्याचे गोळे. मसाला घालायला विसरलीस, एवढंच." भाची चिडली. "आजी, हे फ्रेंच आहे!" "असू दे ना. गोळाच आहे." मग दोघी माझ्याकडे वळल्या. मामा, तू इतिहासाचा, तूच सांग.

मी त्या दिवशी जेवण आटोपतं घेतलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. एखादा पदार्थ 'आपला' की 'त्यांचा', हे आपण फार पटकन ठरवून मोकळे होतो. आणि नुसतं ठरवत नाही, त्यावरून माणसं जवळ-लांब करतो. म्हणून नीट बघू या. माझं म्हणणं आधीच सांगतो: गोळ्यापुरती आई बरोबर आहे. रश्श्यापुरती भाची बरोबर आहे. पण रश्श्यापुरतीसुद्धा, आईनं हेच वाक्य चारशे वर्षांपूर्वी म्हटलं असतं, तर ती बऱ्यापैकी बरोबर ठरली असती. ते कसं, ते सांगतो.

आधी गोळा. मांस बारीक करून, मसाला लावून त्याच्या गोळ्या करणं हे जगात कोणी एकानं शोधलेलं नाही. जिथं मांस निबर आणि माणसं जास्त, तिथं ही युक्ती सुचतेच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ.स. ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शिवेला लागून. त्यात राजाच्या जेवणाचं प्रकरण आहे, आणि त्यात वाटलेल्या मांसाच्या गोळ्या आहेत, खिमा भरलेली वांगीसुद्धा आहेत. भरली वांगी आपण कोणाकडून शिकलो, हा वाद पुन्हा केव्हातरी.

मग फारसी बोलणारे लोक आले आणि 'कोफ्ता' हा शब्द आला. फारसीत 'कोफ्तन' म्हणजे कुटणं. कोफ्ता म्हणजे कुटलेलं. दक्षिणेत तो हैदराबादपर्यंत रुजला. आणि आपलं गाव बघा कुठं बसलंय. इकडं वऱ्हाड, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात. तिकडं जालना, १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात, आणि त्या जालन्यातही इंग्रजांची छावणी. अशा शिवेवरच्या गावात एकाच पदार्थाला तीन नावं असतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आता एक गंमत सांगतो, कारण ती आपल्या परिसराशी जुळते. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, एक टणक गोल फळ. त्यावरून गोल गोळीलाही बुंदुक म्हणायला लागले. हा शब्द अरबांबरोबर स्पेनला गेला आणि तिथं मांसाच्या गोळ्यांना 'आल्बोंदिगा' म्हणू लागले. पोर्तुगीजांचं 'आल्मोंदेगा' तेच. आणि तोच शब्द पूर्वेकडं आला तो गोळी सोडणाऱ्या हत्याराचं नाव होऊन: बंदूक! फ्रेंचांची तीच कथा. 'बुलेत'वरून इंग्रजीत झालं बुलेट. बाहेर तुमच्यापैकी कोणाची तरी बुलेट उभी आहे, तिच्या नावाचा अर्थ 'छोटा गोळा'. (हशा)

इथून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं दौलतराव शिंद्यांच्या फौजेची आणि वेलस्लीची लढाई झाली. शिंद्यांची ती कवायती पायदळं महादजींच्या काळात द ब्वान्य या सेनानीनं युरोपी पद्धतीवर उभी केली होती. तो सॅव्हॉयचा, फ्रेंच फौजेत नोकरी करून आलेला. असईला त्यांचा सरदार होता पोलमन, तो हॅनोव्हरचा. म्हणजे युरोपातली शिस्त, युरोपातले अधिकारी आणि मराठी पगार हे मिश्रण आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं. गोळ्या इथं पोचल्या, त्या खायच्या नव्हत्या एवढंच.

आता रस्सा. खरा इतिहास रश्श्यात आहे.

आपण रस्सा दाट कशानं करतो? वाटणानं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, शेंगदाणे, डाळं. म्हणजे दाटपणा आणि चव एकाच पाट्यावरून येतात. फ्रेंच सॉसमध्ये ही दोन कामं वेगळी केली आहेत. दाटपणासाठी लोणी आणि मैदा परतून घ्यायचा, त्याला 'रू' म्हणतात. चवीसाठी हाडांचं पाणी. मसाला जवळजवळ नाहीच: मिरी, जायफळ, एखादं तमालपत्र.

पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. चौदाव्या शतकातल्या फ्रान्सच्या राजवाड्यातले सॉस बघितले, तर त्यात दालचिनी, सुंठ, लवंग आहे, आणि दाटपणाला भिजवलेला पाव किंवा वाटलेले बदाम. म्हणजे वाटणच की हो! मसाले महाग, म्हणून श्रीमंताच्या ताटात ते भरपूर. पुढं समुद्रमार्गे मसाले स्वस्त झाले, आणि श्रीमंतांना त्यांचं अप्रूप राहिलं नाही. मांसाला मांसाचीच चव हवी, अशी नवी आवड आली. १६५१ मध्ये ला व्हारेन नावाच्या स्वयंपाक्याचं पुस्तक निघालं, त्यात पिठानं सॉस बांधायची रीत आली. त्या साली शिवाजी महाराज एकवीस वर्षांचे होते. म्हणून म्हटलं, आई थोडी आधी जन्मायला हवी होती.

आणि 'घरी करणं' ही गोष्टसुद्धा तिकडं एका पुस्तकानं प्रतिष्ठेला आणली. मनों नावाच्या लेखकाचं १७४६ चं पुस्तक आहे, त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'मध्यम घरातली स्वयंपाकीण'. राजवाड्याचा आचारी नाही, बाई. आपल्याकडं मराठीत छापील पाकशास्त्र यायला १८७५ उजाडलं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र'.

छापील म्हणालो, हे लक्षात ठेवा. कारण हस्तलिखित त्याच्या आधीचं आहे, आणि ते तंजावरला आहे.

तंजावरशी आपला काय संबंध? इथून दहा-पंधरा किलोमीटरवर सिंदखेडराजा. लखुजीराव जाधवांचे जावई शहाजीराजे. शहाजीराजांचा मुलगा, तुकाबाईसाहेबांचा व्यंकोजी, यानं १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य केलं. म्हणजे ते आपल्या सिंदखेडच्या जावयाचं घराणं. त्या घराण्यातले दुसरे सरफोजी १७९८ ला गादीवर आले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्यकारभार काढून घेतला; किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरला. राज्य गेल्यावर माणूस काय करतो? काही दारू पितात. सरफोजींनी ग्रंथ जमवले. १८०३ मध्ये, असईच्याच वर्षी, त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. इकडं मराठी फौज हरत होती, तिकडं मराठी भाषा दगडावर चढत होती.

सरफोजींना लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं शिकवलं होतं. त्यांच्या मुलखाला लागून डॅनिश लोकांचं तरंगंबाडी होतं, आणि फ्रेंचांचं कारैकल, जे तंजावरच्याच राज्यातून १७३९ मध्ये फ्रेंचांकडं गेलं. सरस्वती महालात युरोपी भाषांतली हजारो पुस्तकं आहेत, फ्रेंचही. १८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर त्यांना भेटला आणि त्यानं लिहून ठेवलं, की हा राजा फूरक्रॉय, लाव्हाझिए, लिनिअस, ब्युफों यांचे दाखले सहज देतो. चारातले तीन फ्रेंच. या लाव्हाझिएनं १७८३ मध्ये काय केलं होतं माहीत आहे? रुग्णालयांसाठी मांसाचा रस्सा किती दाट असावा, हे त्याचं वजन करून मोजलं होतं. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक, आणि हाडांचं पाणी तोलत बसलेला! मला हा माणूस त्यासाठी फार आवडतो.

तर या सरफोजींच्या दरबारात 'सरभेंद्र पाकशास्त्र' तयार झालं. मराठीत. त्यात शाकाहारी पाककृती आहेत, मराठ्यांचे सामिष पदार्थ आहेत आणि इंग्रजी मुदपाकखान्याचे पदार्थही आहेत. एकाच पोथीत, एका पंगतीत. मला यातलं मोठेपण हे वाटतं, की त्यांनी परक्याचा पदार्थ 'परका' म्हणून टाकला नाही आणि 'आमचाच होता' म्हणून ढापलाही नाही. इंग्रजी म्हणून लिहिला, मराठीत लिहिला आणि शेजारी आपला ठेवला. आमच्या जेवणाच्या टेबलावर हे जमलं नाही.

उलट उदाहरणही ऐका. १८७८ मध्ये मद्रासला केनी-हर्बर्ट या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं पुस्तक काढलं. हिंदुस्थानातल्या इंग्रज घरांनी फ्रेंच पद्धतीचं कसं रांधावं, याचं ते पुस्तक. सॉस, स्टॉक, सगळं बारकाईनं सांगितलंय, आणि ते खरंच चांगलं आहे. पण रांधणारा कोण? सरसकट 'रामसामी'. प्रत्येक स्वयंपाक्याला एकच नाव. त्या रामसामींनीच फ्रेंच गोळा नारळाच्या रश्श्यात सोडला असणार, असं मी अंदाजानं म्हणतो; अँग्लो-इंडियन घरांत आजही पिवळ्या भाताबरोबर 'बॉल करी' होते. आपल्या जिभेवर फ्रेंच शब्दही असेच दुसऱ्याच्या हातून आले: कटलेट, सॉस, ग्रेव्ही, मेनू. कटलेट म्हणजे मुळात बरगडीचा हाडासकट तुकडा. आपण हाड काढलं, बटाटा घातला, नाव ठेवलं.

काकू मघापासून वहीत काहीतरी लिहायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी कृती. अर्धा किलो खिमा. पावाच्या दोन चकत्या, कडा काढून, अर्धा कप दुधात भिजवून कुस्करायच्या. हे महत्त्वाचं. खिमा शिजताना आकसतो आणि पाणी सोडतो. पावातला स्टार्च ते पाणी धरून ठेवतो, गोळा मऊ राहतो. आपल्याकडं डाळ्याचं पीठ तेच काम करतं, पण ते जास्त पाणी ओढतं, म्हणून गोळा घट्ट होतो. आपला बोकडाचा खिमा मुळातच कमी चरबीचा, त्याला दूध-पाव जास्त मानवतो. एक अंडं, बारीक चिरून परतलेला कांदा, मीठ, मिरी, किंचित जायफळ. मीठ घालून चांगलं मळा. चिकटपणा मिठानं आणि मळण्यानं येतो. अर्धा तास गारव्यात ठेवा. लिंबाएवढे गोळे करून लोण्यात सगळीकडून तांबूस करा आणि काढून ठेवा. आतून शिजवायचे नाहीत अजून. त्याच भांड्यात दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, मंद आचेवर. मग दोन-अडीच कप गरम हाडांचं पाणी थोडं थोडं घालत ढवळा. आवडत असेल तर टोमॅटोचा गर. गोळे परत सोडा, झाकण ठेवा, पंचवीस मिनिटं. रटरटू द्यायचं नाही, नुसती एखादी बुडबुडी.

मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा घाई केली. पाणी एकदम ओतलं, मैद्याच्या गुठळ्या झाल्या. गोळे न परतता सोडले, ते विरघळले. शेवटी जे झालं त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात माहीत नाही. आई म्हणाली, पिठल्यात खिमा पडलाय. (हशा)

दुसऱ्या खेपेला नीट जमलं. भाचीनं पावाबरोबर खाल्लं. आईनं ज्वारीची भाकरी घेतली, वाटीत दोन गोळे घेतले, उठली, फडताळातून काळ्या मसाल्याची बरणी काढली आणि चिमूटभर वरून भुरभुरवला. भाची बघत होती. मग तिनंही वाटी पुढं केली.

बरं, काही प्रश्न असतील तर विचारा. हो, काका, बोला. नाही, सोयाबीनच्या खिम्याचेही होतात. फक्त तिथं पाव कमी घाला.