धिऱ्याची बैठक

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या इंजिनाचाच इतिहास लिहितात. कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी वाहनाचे पेटंट घेतले तेव्हापासून कोणत्या इंजिनाने किती अश्वशक्ती दिली आणि कोणत्या मोटारीने कोणता वेग गाठला, ह्याच्या याद्या पुष्कळ आहेत. परंतु मोटारीत बसलेल्या माणसाचा मणका ज्याच्यावर विसंबून असतो, त्या चाक आणि सांगाडा यांच्यामधल्या साधनाकडे कोणी फारसे वळत नाही. त्याला मराठीत सर्वमान्य नावही मिळालेले नाही. कोशाकडे गेल्यास ‘निलंबन’ हा शब्द हाती येतो. पण तो कानी पडताच सामान्य मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर चाक न येता कामावरून दूर केलेला कारकून उभा राहतो. गॅरेजमधले कारागीर सरळ ‘सस्पेन्शन’ म्हणतात आणि त्यांचेच बरोबर आहे.

ह्या सस्पेन्शनमधला एक लहानसा भाग, म्हणजे पुढच्या चाकाच्या स्ट्रटची वरची बैठक, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय. स्ट्रट म्हणजे धिरा. पडू घातलेल्या भिंतीला देतात तो धिरा तिरपा आणि निश्चल असतो. मोटारीतला धिरा मात्र जवळजवळ उभा असून तो क्षणोक्षणी आखूड होतो, लांबतो आणि स्टिअरिंग वळविले की स्वतःभोवती फिरतोही. एवढ्या हालचाली करणाऱ्या वस्तूचे वरचे टोक मोटारीच्या पत्र्यापाशी कोठेतरी धरून ठेवणे भागच असते. ते जेथे धरलेले असते ती ही बैठक. रबर आणि लोखंड यांची ती चकती पंजाएवढी असते आणि बॉनेट उघडले असता दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर तीन-चार नटांच्या वर्तुळात तिचा मध्य दिसतो. कारागिरांच्या तोंडी तिचे नाव ‘स्ट्रट माउंटिंग’.

ही चकती इतिहासात फार उशिरा आली. आपल्या बैलगाडीला तिच्यासारखे काहीच नव्हते. चाकाचा दणका आसात, आसाचा साटीत आणि साटीचा बसणाराच्या हाडांत, असा तो सरळ मार्ग होता. १८०४ साली लंडनच्या ओबाडाया इलियट यांनी पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानींवर गाडीची पेटी बसविण्याचे पेटंट घेतले आणि बग्गीचे युग आले. नाशिकात यात्रेकरूंना पंचवटीकडे नेणारे टांगेही ह्याच कमानपाट्यांच्या कुळातले. मोटारीने प्रथम हीच व्यवस्था उसनी घेतली. एक आडवा आस, त्याच्या दोन टोकांना दोन चाके आणि वर पाटे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यासही त्याचा हिसका बसावयाचा, हा त्या व्यवस्थेतला दोष. पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी दोन आडव्या भुजांची रचना प्रचारात आली. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली व पुढे पद्मिनी म्हणून घराघरांत ओळखली गेलेली फियाट ११०० पुढच्या बाजूस ह्याच जातीची होती. रचना उत्तम, पण तिला भाग फार लागतात, जागा फार लागते आणि म्हणून पैसाही फार लागतो.

ह्या पैशाच्या काळजीतूनच धिरा जन्मास आला. अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकन अभियंते १८९१ साली जन्मले. दुसरे महायुद्ध संपत असता जनरल मोटर्स कंपनीने शेव्हरोले कॅडेट नावाची हलकी व स्वस्त मोटार योजिली आणि तिचे काम त्यांच्याकडे सोपविले. मॅकफर्सन यांनी वरची भुजाच काढून टाकली. धक्के जिरविणारी नळी, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, तिच्याभोवती स्प्रिंग आणि तिच्याच खालच्या टोकाशी चाक, असे सगळे एका उभ्या खांबात त्यांनी गोवले. खाली एक भुजा, वर एक बैठक. बाकी काही नाही. असाच विचार इटलीत फियाटचे गुइदो फोर्नाका यांनी १९२०च्या दशकात मांडला होता, हे सांगितले पाहिजे. तथापि ती कल्पना कारखान्याच्या पट्ट्यावर नेण्याजोगी झाली ती मॅकफर्सन यांच्या हातून. त्यांनी १९४७ साली पेटंटासाठी अर्ज केला व ते १९५३ साली मंजूर झाले. कॅडेट मोटार मात्र १९४७ सालीच रद्द करण्यात आली. मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेले आणि १९५०च्या अखेरीस इंग्लंडात लोकांपुढे आलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफर ह्या मोटारींत धिरा प्रथमच मोठ्या प्रमाणावर बसला. फ्रान्समधील फोर्ड व्हेडेट ही पहिली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, ते बरोबर नाही. त्या मोटारीच्या घडणीत आरंभी धिरा नव्हता. मॅकफर्सन १९६० साली वारले. जगातील लहान मोटारींपैकी बहुतेकींच्या पुढच्या चाकांशी आपला खांब उभा राहील, हे त्यांना पाहावयास मिळाले नाही.

वरची भुजा गेली खरी. परंतु तिचे काम कोणी तरी करावयास हवेच होते. ते ह्या बैठकीच्या डोक्यावर आले. स्प्रिंग धिऱ्याभोवतीच असल्यामुळे त्या कोपऱ्याचा भार बैठकीवर येतो. स्टिअरिंग वळविले की धिरा फिरतो, म्हणून तिच्यात बेअरिंग लागते. खड्ड्यागणिक धिऱ्याचा कोन किंचित बदलतो, म्हणून तिला थोडे लवचिकही राहावे लागते, आणि त्याच रबरात रस्त्याची खरखर जिरून आतल्या माणसापर्यंत कमीत कमी पोहोचावी, अशीही अपेक्षा असते. भार सोसणारा घट्ट हवा, धक्का जिरविणारा मऊ हवा. एकाच रबरी चकतीकडून ह्या दोन्ही गोष्टी मागावयाच्या म्हणजे तडजोड आलीच. घरगुती मोटार बनविणारा मऊपणाकडे झुकतो. शर्यतवाल्याला ते खपत नाही, कारण वळणावर जोर आला की रबर दबते, धिऱ्याचे डोके हलते आणि चाकाचा कल बिघडतो.

शर्यतीच्या मोटारींनी धिरा स्वीकारला तो ह्याच कुरबुरीसह. १९६३ साली प्रथम दाखविण्यात आलेल्या पोर्श ९११ ह्या मोटारीच्या पुढे धिरेच होते. मात्र तिची स्प्रिंग धिऱ्यावर नसून खालच्या भुजेतील पीळ खाणाऱ्या पोलादी कांबीत होती. आणि ह्या धिऱ्यांची खरी परीक्षा जेथे झाली त्या मार्गात नाशिकही येते, ही गोष्ट खुद्द नाशिककरांतही थोड्यांनाच स्मरत असेल.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीकडे एक मोटार-स्पर्धा निघाली. अंतर सुमारे सोळा हजार किलोमीटर, पहिले बक्षीस दहा हजार पौंड आणि निघालेल्या मोटारी ९८. पॅरिस, तूरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल असे करीत ह्या मोटारी दिल्लीस आल्या व तेथून आग्रा-इंदूर मार्गे डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत मुंबईकडे लोटल्या. इंदूरहून मुंबईस यावयाचे म्हणजे धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक आणि मग कसाऱ्याचा घाट. आज नाशिकच्या इंदिरानगरच्या कडेने उड्डाणपुलावरून जो मुंबई-आग्रा महामार्ग जातो, तोच हा रस्ता. आजची दाट वसाहत तेव्हा तेथे नव्हती, आणि रस्त्यावर बैलगाड्यांची ये-जा होती. भारतातील रस्त्यांच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीचे नवल परदेशी चालकांनी पुढे आवर्जून नोंदविले आहे. मुंबईचे बोमसी वाडिया हेही लोटस कॉर्टिना घेऊन ह्या स्पर्धेत उतरले होते.

मुंबईस पोहोचता पोहोचता आघाडीवर होते रॉजर क्लार्क, तेही लोटस कॉर्टिनामध्ये. सत्तरांवर मोटारी तेथून ‘चुसान’ जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल बंदरास उतरल्या. तेथे क्लार्क यांची मोटार यंत्राच्या दुखण्याने मागे पडली. शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या ल्युसियाँ बियांकी यांच्या सित्रोएनची समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर झाली, आणि पहिला क्रमांक अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरला गेला. कोणी फारशी दखल न घेतलेली ती साधी कुटुंबवत्सल मोटार. तिच्या पुढे मॅकफर्सनचे धिरे, मागे मात्र टांग्याला शोभतील असे कमानपाटे! निघालेल्या ९८पैकी ५६ मोटारी सिडनीस पोहोचल्या. ह्याच स्पर्धेत पोर्श चालविणारे केनियाचे एडगर हेरमान पुढे १९७१ साली पूर्व आफ्रिकेतील सफारी स्पर्धा डॅटसन २४०झेड ह्या जपानी स्पोर्ट्स मोटारीने जिंकले. त्याच मोटारीने १९७३ साली युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या शेखर मेहता यांनीही ती जिंकली. २४०झेडला चारही चाकांशी धिरे होते. आफ्रिकेचे खडकाळ रस्ते सोसून जिंकणारी ही उदाहरणे पाहता धिरा म्हणजे केवळ काटकसरीचा प्रकार, ही समजूत टिकत नाही.

आपल्याकडे धिरा सर्वसामान्यांच्या दारी आला तो डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० सह. त्यापुढे तो इतका रुळला की २००७ साली खुद्द नाशिकच्या महिंद्र कारखान्यात बनू लागलेल्या लोगान मोटारीच्या पुढेही तोच होता. आजच्या कोणत्याही गॅरेजला स्ट्रट माउंटिंग बदलणे नवीन नाही. प्रश्न येतो तो तीस-चाळीस वर्षांच्या स्पोर्ट्स मोटारीपाशी. रबर वापराने झिजते तसे नुसत्या पडून राहण्यानेही वाळते, तडकते. मूळ कारखान्याने तो भाग बनविणे पुष्कळदा बंद केलेले असते, आणि मालकाला दुसऱ्या कोणी बनविलेल्या बैठकीकडे वळावे लागते. तेथे दोन वाटा फुटतात. एक, मुळाबरहुकूम रबराची. दुसरी, शर्यतवाल्यांची: ॲल्युमिनियमच्या जाड तबकडीत पोलादी गोलाचे बेअरिंग, आणि धिऱ्याचे डोके आतबाहेर सरकविता यावे म्हणून लांबट खाचा. डोके आत सरकविले की चाकाचा माथा आत झुकतो व वळणावर टायर अधिक पकडतो. दिसावयास ही वस्तू देखणी असते, आणि बॉनेट उघडून मित्रांना दाखविण्याजोगी म्हणून तिची विक्री पुष्कळ होते, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

परंतु रबर गेले की जो दणका त्यात जिरत होता तो पुढे कोठे जातो, हे विचारणे अवश्य आहे. तो जातो पत्र्यात. जुन्या मोटारीतील धिऱ्याचा उंचवटा म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे डाग देऊन जोडलेले काम. त्यात गंज शिरलेला असला तर सांध्यांपाशी चिरा पडतात, आणि त्या बहुधा रंगाखाली लपलेल्या असतात. शर्यतीच्या मैदानावरचा रस्ता गुळगुळीत. इंदिरानगरच्या बोगद्याशी खोळंबत, गतिरोधक मोजत, पावसाळ्यातले खड्डे चुकवीत जाणाऱ्या मोटारीचे तसे नाही. शिवाय उघड्या बेअरिंगमध्ये धूळ व पाणी शिरते आणि थोड्याच महिन्यांत ते कुरकुरू लागते. म्हणून रस्त्यावर चालवावयाच्या जुन्या मोटारीला रबराचीच बैठक योग्य होय. धातूची बैठक शर्यतीपुरती, आणि तीही उंचवटा खरवडून, तपासून, जरूर तेथे जोडपत्रा लावून झाल्यावरच.

काम स्वतः फार मोठे नाही, पण त्यात एक जागा जीवघेणी आहे. मोटार सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अडण्या लावाव्यात आणि पुढची बाजू नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर टेकवावी. चाक काढून ब्रेकची नळी धिऱ्यापासून सोडवावी, म्हणजे ती ताणली जाणार नाही. मग खालचे बोल्ट आणि वरच्या वर्तुळातील नट काढले की धिरा स्प्रिंगसकट हाती येतो. आता मध्यभागी दिसणारा एकच नट काय तो उरतो, आणि नवशिक्याचा हात नेमका त्याकडे जातो. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने धरून ठेवलेली असते. स्प्रिंग आवळणारी दुहेरी कळ दोन्ही बाजूंनी सारखी कसून, स्प्रिंग बैठकीपासून सैल झाल्याची खात्री पटेपर्यंत त्या नटाला पाना लावावयाचा नाही. तो आधी सुटला तर बैठक गोळीसारखी उडते. बोटे, जबडे आणि डोळे यांनी ह्याची किंमत मोजलेली आहे. पोर्श ९११च्या जातीच्या मोटारींत स्प्रिंग धिऱ्यावर नसल्याने हे भय नाही, पण कांबीतला पीळ तेथेही असतोच.

जुनी बैठक काढताना वायसर, बेअरिंग, स्प्रिंगची वरची थाळी आणि आघात रोखणारे रबर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवावेत. काही मोटारींत डावी आणि उजवी बैठक निराळी असते व मधले छिद्र मुद्दाम एका बाजूस सरकविलेले असते. त्यांची अदलाबदल झाली तर मोटार एका अंगास ओढू लागते आणि दोष मात्र बिचाऱ्या टायरांना मिळतो. दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात. मधला नट नवा घालावा, आणि तो कारखान्याने ठरविलेल्या मापाने मापाच्या पान्यानेच आवळावा. वरच्या वर्तुळातील नट चाके जमिनीवर टेकल्यावर पुन्हा एकदा पाहावेत. मग मोटार थोडी चालवून स्प्रिंग आपल्या जागी बसू द्यावी व चाकांचा कल आणि दिशा यंत्रावर मोजून घ्यावी. नव्या बैठकीची जाडी जुनीपेक्षा किंचितही निराळी असली तर पुढच्या बाजूची उंची बदलते आणि त्यासरशी कलही बदलतो; तो न मोजता हजारभर किलोमीटर मोटार हाकल्यास टायरांची आतली कड उतरलेली आढळेल. पाचशे किलोमीटरांनंतर बॉनेट उघडून उंचवट्यावरचे नट आणि भोवतीचा रंग विजेरीच्या उजेडात पाहावा. रंगावर केसासारखी रेघ उमटलेली दिसली, तर मोटार तेथेच थांबवून पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावी.