टोकलेले शब्द

मूल बोलताना अडखळले की आपण पटकन म्हणतो, ‘नीट बोल, सावकाश बोल!’ म्हणतो मायेनेच. पण अशा टोकण्याने मुलाचे काय होते, हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एका प्रयोगातून दिसले.

तिथल्या विद्यापीठात वाचादोषांचा अभ्यास करणारे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलत. तोतरेपणा मुलाच्या जिभेत नव्हे, आईबापांच्या कानात सुरू होतो, असे त्यांचे मत. ते पडताळण्यासाठी १९३९ साली त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात गेली. निवडलेल्या २२ मुलांत चांगली बोलणारीही होती. त्यांतल्या सहा जणांना वारंवार बजावले गेले, की तुम्ही तोतरे होत आहात. धड बोलता येत नसेल तर बोलूच नका. मुले तोतरी झाली नाहीत, पण अबोल झाली. वर्गात तोंड उघडेनात.

प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये राज्याने प्रयोगातल्या काही जणांसाठी ९ लाख २५ हजार डॉलरची भरपाई मान्य केली. तोवर त्यांतले काही जणच हयात होते.

जॉन्सन यांचे मत आज मान्य नाही. तोतरेपणामागे आनुवंशिकता आणि मेंदूचे कार्य असते, हे आता कळले आहे. तरीही स्पीच थेरपीत पालकांना आधी सांगतात ते हेच : वाक्य मध्येच तोडू नका, आपण सावकाश बोला, त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. थेरपिस्टची भेट घटकाभराची. बाकी सारा दिवस मूल आपल्याशीच बोलत असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)